झेंडूची वाट

श्रोतेहो, आपला पितृपंधरवडा म्हणजे घरात नवी खरेदी नाही, शुभकार्य नाही. तिथीला पान वाढायचं आणि कावळ्याची वाट पाहायची. अशा घरातली मी. २०१९ च्या ऑक्टोबरात मेक्सिकोच्या बाजारात साखरेच्या कवट्या मांडलेल्या पाहिल्या नि दचकलेच. रंगीत, हसऱ्या, आणि कपाळावर नावं! तीही जिवंत माणसांची बरं का. मुलं आपल्या नावाची कवटी हट्टानं मागून घेतात आणि चघळत घरी जातात.

यजमान गव्हाच्या संशोधनासाठी मेक्सिको शहराजवळ टेक्सकोको येथे होते. १९६६ साली आपल्याकडे बुटक्या गव्हाचं अठरा हजार टन बी आलं ते याच देशातून, हे शेतकरी श्रोत्यांतील जुन्या मंडळींना आठवत असेल. आपल्या दसऱ्याचा झेंडूही मूळचा तिथलाच.

आमच्या घरमालकीणबाईंना सारे 'दोन्या' म्हणत, आपण 'बाई' म्हणतो तसे. त्यांनी माजघरात पायऱ्यापायऱ्यांची आरास केली. वर गेलेल्यांचे फोटो. खाली मेणबत्त्या, धूप, मीठ, गोड पाव, मक्याच्या पानात उकडलेले तामाले आणि पाण्याचा पेला. लांबून दमून येणाऱ्याला आधी पाणी नको का? रस्त्यापासून आरासीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घातली होती. वर्षातून एकदा घरी येणाऱ्यांना रंगावरून, वासावरून घर सापडावं म्हणून.

एका पायरीवर मात्र दूध, बिनतिखटाचं जेवण आणि लाकडी खेळणी. हे कुणासाठी, म्हणून मी विचारलं. मोडकंतोडकं स्पॅनिश मला येत होतं. बाई म्हणाल्या, "एक तारीख मुलांची. मोठी माणसं दोन तारखेला येतात."

श्रोतेहो, आपल्याकडे तान्ह्या मुलाचं श्राद्ध नसतं. त्याला पुरतात, आणि पुढे घरात त्याचं नावही निघत नाही. माझी पहिली मुलगी पाच महिन्यांची होऊन गेली, त्याला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. तिचा फोटो नाही. मला त्रास होऊ नये म्हणून सासूबाईंनी तिची दुपटी, टोपडी, सारं देऊन टाकलं होतं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांना तसंच शिकवलेलं होतं.

मी बाईंना एवढंच म्हटलं, "माझीही एक होती."

त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांना ते उच्चारता येईना, म्हणून तीनदा मला म्हणायला लावलं. मग कागद पुढे केला, "तुमच्या लिपीत लिहा." मी लिहिलं. तो कागद त्यांनी दुधाच्या पेल्याला टेकवून ठेवला.

यजमानांना मी काही सांगितलं नव्हतं. सकाळी ते आरासीपुढे उभे राहिलेले दिसले, चष्मा लावून. बोलले काहीच नाहीत. पायांत वहाणा घालून बाजारात गेले आणि तासाभरानं एक खुळखुळा घेऊन आले.