बेकारी आणि तरुणांचे मन



बेकारीचा विषय निघाला की आपण पैशाचेच बोलतो. ओढाताण होते, हे खरेच. परंतु बेकारी आणखी एक गोष्ट हिरावून नेते. ती म्हणजे दिवसाची घडी.

ऑस्ट्रियातील मारिएन्थाल गावची कापड गिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली आणि बहुतेक गाव बेकार झाले. मारी याहोदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे केलेली पाहणी १९३३ साली प्रसिद्ध झाली. रिकामा वेळ मिळाल्यावर माणसे जास्त वाचतील, असे आपल्याला वाटेल. घडले उलटे. वाचनालयाची वर्गणी माफ करूनही पुस्तकांची देवघेव जवळपास निम्म्यावर आली. पुरुष रस्त्याने रेंगाळत चालू लागले. बायका मात्र भराभर चालत. घरकामातून त्यांना सुट्टी कोठली!

आपल्याकडे गिरणी बंद पडावी लागत नाही. पदवी हाती येते, स्पर्धा परीक्षेचे अर्ज भरले जातात आणि वर्षे सरतात. राज्य शासनाने २०१६ साली सरळसेवेची कमाल वयोमर्यादा खुल्या वर्गासाठी ३८ व मागासवर्गीयांसाठी ४३ केली. सवलत योग्यच, पण वाट पाहणेही तेवढेच लांबले.

बँकेच्या काउंटरवरून मी पाहतो. असा मुलगा गर्दी नसताना पासबुक भरायला येतो, ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून. लग्नकार्याला जाणे तो आधी सोडतो, मग मित्र तुटतात, मग रात्रीची झोप उडते. आपण म्हणतो, “आळशी झालाय.” आणि वर विचारतो, “काय रे, लागलं का कुठं?” मुलीची बेकारी तर कोणी मोजतच नाही. तिच्यावर एकच इलाज, लग्न!

माझी विनंती एवढीच, की संस्थेच्या अभ्यासिकेची किल्ली आणि नोंदवही अशा मुला-मुलींच्या हाती द्या. आठवी ते दहावीच्या मुलांना रोज ठरल्या वेळी दोन तास शिकवू द्या. मानधन थोडे असेल, पण द्याच. फुकट राबवून घेऊ नका. ही नोकरी नव्हे, पण सायंकाळी सहाला कोणीतरी आपली वाट पाहते, एवढे तरी होईल.

आणि दोन-दोन आठवडे झोप-भूक गेली, कशातच मन लागेना, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा तोंडी आली, तर भगताकडे नको, डॉक्टरकडे न्या. शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येते. क्रमांक १४४१६. तो अभ्यासिकेच्या फळ्यावर आजच लिहावा.