एका छपराखाली सर्वांची शाळा
(खैरलांजी येथील पालकसभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सर्वांगीण माध्यमिक शाळा म्हणजे काय, तिची वृत्ती, तिचा अभ्यासक्रम व तिची साधने कोणती, हे थोडक्यात मांडावे अशी आज्ञा आपण मला केली आहे. शाळेचा विषय निघाला की आपली दृष्टी प्रथम इमारतीकडे जाते. खोल्या किती, पटांगण केवढे, बस दारापर्यंत येते की नाही! हे प्रश्न क्षुल्लक नव्हेत. परंतु ते मागाहूनचे आहेत. पहिला प्रश्न हा, की या शाळेच्या दारातून कोण आत येणार आणि आत आल्यावर त्याचे मोजमाप कोणत्या मापाने होणार?

ही कल्पना आजची नव्हे. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ च्या आपल्या अहवालात बहूद्देशीय शाळांची शिफारस केली. मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक शिक्षण, वाणिज्य, शेती, ललितकला व गृहशास्त्र असे सात गट आयोगाने आखले. भाषा, समाजशास्त्र, सामान्य विज्ञान आणि एक हस्तव्यवसाय हे सर्वांना समान. त्यापुढे ज्याची जशी रुची, तसा त्याचा गट. या शाळांना शिक्षक मिळावेत म्हणून १९६३ साली अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये निघाली.

योजना उत्तम होती. तथापि ती रुजली नाही. कार्यशाळा खर्चिक, शिकविणारे दुर्मिळ, ही कारणे खरीच. त्याहून खोल कारण आपल्या मनात होते. विज्ञानाचा गट हुशारांचा आणि शेतीचा वा सुतारकामाचा गट मागे पडलेल्यांचा, अशी उतरंड आपणच रचली. ज्या शाळेने मुलाची आवड शोधावयाची, ती त्याची पायरी ठरवू लागली. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने म्हणूनच असा आग्रह धरला, की पहिली दहा वर्षे सर्वांना एकच सामान्य शिक्षण द्यावे, त्यात कार्यानुभव असावा आणि वाटा फुटावयाच्या त्या दहावीनंतर फुटाव्यात.

हा दोष केवळ आपलाच होता असेही नव्हे. इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची निरनिराळ्या शाळांत वाटणी होत असे. १९५४ साली लंडनमध्ये किडब्रुक येथे सर्व मुलींना एकत्र घेणारी शाळा निघाली आणि १९६५ साली तेथील सरकारने अशाच शाळा उभारण्याची सूचना स्थानिक शिक्षणसंस्थांना केली. अकरा वर्षांच्या लेकराचे भवितव्य एका सकाळी ठरवू नये, हे त्या देशाला उमजावयास बराच काळ लागला.

आता आपल्या राज्याकडे वळू. मध्य प्रदेश शासनाने २०२१ साली सुमारे ९,२०० सर्वसाधनसंपन्न शाळा क्रमाक्रमाने उभारण्याचे ठरविले. पूर्वप्राथमिकपासून बारावीपर्यंत एकाच आवारात शिक्षण, मुलांना आणण्यानेण्याची वाहने, प्रयोगशाळा व ग्रंथालय अशी ही कल्पना आहे. सीएम राइज या नावाने निघालेल्या या शाळांना २०२५ पासून सांदीपनि विद्यालय म्हणतात. सांदीपनींच्या आश्रमात कृष्ण आणि सुदामा एकत्र शिकले, ही कथा आपल्या घरोघरी ठाऊक आहे. त्या नावाचा मान राखावयाचा, तर राजाचा मुलगा आणि दरिद्री ब्राह्मणाचा मुलगा एकाच मोळीची लाकडे वाहतात, हा त्या कथेतील भाग आपण विसरता कामा नये.

अभ्यासक्रमासंबंधी २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. कला आणि विज्ञान, अभ्यास आणि खेळ, पुस्तकी विषय आणि व्यवसाय यांच्यामध्ये पक्की भिंत असू नये. आणि सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना गावच्या कारागिरांकडे काम शिकावे. आपल्या भागात या दहा दिवसांना कामाची वाण नाही. आपला बालाघाट जिल्हा धानाचा. येथील चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन म्हणजे काय, त्याने शेतकऱ्याच्या गाठीस चार पैसे अधिक कसे पडतात, याचे गणित नववीच्या वर्गात का मांडू नये? भरवेली आणि तिरोडी येथे मँगनीज निघते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या काळ्या दगडाचा एक तुकडा असावयास नको काय? वारासिवनीचा हातमाग, वैनगंगेचे पूर, गावोगावचे तलाव हे सारे पाठ्यपुस्तकच आहे. फक्त त्याला बांधणी हवी.

हे स्वप्नरंजन नव्हे. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्धा येथे नई तालीमची दिशा दाखविली, ती उद्योगातून शिक्षणाचीच होती. पुढे पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तेथून निघालेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातील एक दिवस हाताने काम करतात. लोखंडकाम व बांधकाम, वीज व ऊर्जा, शेती व पशुपालन, घर व आरोग्य असे त्याचे चार भाग आहेत. वर्गातील सारी मुले हे चारही भाग शिकतात, म्हणून तेथे कोणतेही काम हलक्या मुलाचे ठरत नाही. मुलींनी जोडणी करावयाची आणि मुलांनी स्वयंपाक शिकावयाचा, हे तेथे ओघानेच येते. बहूद्देशीय शाळांना जे साधले नाही, त्याची किल्ली येथे आहे.

भाषेचा प्रश्न टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची रचना बदलली. शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्यांनी करावी, असे ते सांगते. शाळेत अशी ४० मुले वा एका वर्गात १० मुले असली की सोय करावी, हे प्रमाण तर १९४९ सालीच प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले होते. माध्यमिक शिक्षणाला मात्र हे कलम लागू नाही. तेथे वाट वेगळी आहे: भोपाळच्या माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षेत मराठी हा भाषाविषय घेता येतो. तो शिकविणारा शिक्षक मागणे आपल्या हाती आहे. आणि मागणी तोंडी राहिली तर ती वाऱ्यावर जाते. हिंदी चांगली आली पाहिजे, इंग्रजीही आली पाहिजे. त्यासाठी घरची मराठी, पोवारी वा गोंडी दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवण्याची गरज नाही. घरच्या बोलीला हसणारी शाळा मुलाला पहिल्याच दिवशी मुके करते.

शेवटी वृत्तीविषयी. बोलणे कठीण आहे, तरी बोलतो. आपल्याच गावाच्या नावाचे दुसरे गाव भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे एका दलित कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. त्या घराने मुलांना शिकविण्याची जिद्द धरली होती. ते गाव वेगळे, जिल्हा वेगळा, राज्यही वेगळे. नामसाम्यावाचून आपला त्याच्याशी संबंध नाही, असे म्हणून मोकळे होता येईल. परंतु त्या जमावातील माणसेही कधीतरी कोणत्यातरी शाळेच्या बाकावर बसली असतीलच. तेथे त्यांना वाचता आले, हिशेब आला. शेजारच्या मुलाला आपल्यासारखे माणूस मानावयाचे मात्र आले नाही. हे शिकविण्यास वेगळा तास लागत नाही. पाण्याचा माठ एक, जेवणाची पंगत एक, झाडण्याची पाळी सर्वांची, आणि प्रयोगशाळेत जोड्या लावताना आडनाव न पाहणारा शिक्षक, एवढ्याने ते साधते. एवढे नसेल तर संगणकांच्या रांगा लावूनही ती शाळा अपुरीच.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या शासकीय शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना व निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आहेत. त्या जागांवर जाऊन बसा. प्रयोगशाळेचे कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडते, ते विचारा. ग्रंथालयाची पुस्तके घरी मिळतात काय, कार्यशाळेतील यंत्रावर मुलींचा हात फिरतो काय, शेतमजुराचा मुलगा दहावीपर्यंत टिकतो काय, पंगत एक आहे काय, हे विचारा. आणि मराठी विषय हवा असलेल्या मुलांच्या नावांची यादी पालकांच्या सह्यांनिशी प्रवेशापूर्वीच मुख्याध्यापकांच्या हाती द्या व तिची पोच घ्या. शाळा शासन बांधील; ती सर्वांची आहे की नाही, यावर पहारा मात्र आपणांसच ठेवावा लागेल.