जुना पीसी: मागं काय काय चालू आहे ते आधी बघा

मी किल्लारीचा. हे सांगितलं की समोरचा पहिल्यांदा ३० सप्टेंबर १९९३ बद्दल विचारतो. मी त्यानंतर काही वर्षांनी जन्मलो, नव्या गावठाणात वाढलो, बीटेक केलं आणि आता सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. भूकंपावर कधीतरी बोलू, पण ते घरच्या मोठ्या माणसांना सोबत घेऊन. आजचा विषय साधा आहे, जुना कॉम्प्युटर. चार जीबी रॅम, फिरणारी हार्ड डिस्क, आणि बटण दाबून चहा पिऊन आलात तरी अजून गोल गोलच फिरत असतो, असला.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर मोबाईलवर ऐकतोय, आम्हाला काय त्याचं? अरे, तुमचा उत्पन्नाचा दाखला, नॉनक्रिमिलेअर, बापाचा पीकविमा, हे सगळं असल्याच एखाद्या कॉम्प्युटरमधून निघतं. तो अडकला की तुमचा दिवस अडकला.

आमच्या भागात एका ओळखीच्या काकांचं सेवा केंद्र आहे. जुलैत गावाकडं आलो की मी तिथं बसतो. खरिपाच्या विम्याची मुदत सहसा ३१ जुलै, आणि शेवटच्या आठवड्यात काय होतं ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. २०२३ ला एक रुपयात विमा आला तेव्हा तर रांग पार रस्त्यापर्यंत होती. सोयाबीनची फवारणी सोडून आलेली माणसं, हातात सातबारा आणि बँकेचं पासबुक. एक फॉर्म दहा मिनिटं अडकला की मागच्या सगळ्यांची दहा मिनिटं गेली. त्यात कुणाची तरी शेवटची एसटी पण जाते.

काका मला म्हणाले, "इंजन लावल्यावानी आवाज करायलंय रे, पण पुढं काय सरकत नाही. नवाच घ्यावा म्हणायलो." म्हटलं, काका, घ्या की, पण आधी दोन मिनिटं बघू, हा कॉम्प्युटर नेमकं कुणाचं काम करतोय.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. खाली मोअर डिटेल्स दिसलं तर त्यावर क्लिक करा. वर सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने दिसतात. रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा वर येतो. काकांच्या मशीनवर सीपीयू निवांत होता, वीस टक्क्यांच्या आसपास. मेमरी नव्वदच्या पुढं. आणि डिस्क सलग शंभर. जुन्या कॉम्प्युटरची नाडी बघायची तर हे तीन आकडे बघा. सीपीयू मोकळा आणि डिस्क शंभर असेल, तर प्रोसेसर म्हातारा झालाय असं लगेच समजू नका.

होतं काय, रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा आणि हार्ड डिस्क म्हणजे मागची कोठी. ओटा भरला की विंडोज सध्या न लागणारे डबे कोठीत नेऊन ठेवतं, आणि लागले की परत आणतं. एसएसडी असेल तर ही ये-जा चटकन होते. फिरत्या डिस्कमध्ये मात्र खरोखरचा एक काटा इकडून तिकडं पळत असतो. कॉम्प्युटर काम कमी आणि ये-जाच जास्त करतो. काकांना ऐकू येणारं इंजन ते हेच.

मग स्टार्टअप नावाचा टॅब उघडला. कॉम्प्युटर चालू होताच कोण कोण आपोआप येऊन बसतं, त्याची ही हजेरी. एक व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर, जे लॉकडाऊनमध्ये पोराच्या क्लाससाठी टाकलं होतं. फोटो क्लाउडवर चढवणारं एक. दोन प्रिंटरचे दोन मदतनीस, त्यातला एक प्रिंटर कधीच विकून टाकलेला! पीडीएफवाल्याचा अपडेट शोधणारा. आणि सगळ्यात भारी म्हणजे कॉम्प्युटर फास्ट करून देतो म्हणणारा एक 'बूस्टर'. तो स्वतःच दिवसभर मागं चालू. असल्यांची मला खरंच चीड आहे. रॅम रिकामी केली म्हणून हिरवा टिक दाखवतात, पण ते डबे कोठीत ढकललेले असतात. पुढच्या मिनिटाला तेच परत आणावे लागतात.

या यादीत नावावर राइट क्लिक करून डिसेबल केलं तर सॉफ्टवेअर उडत नाही. फक्त न बोलावता यायचं थांबतं. तुम्ही हाक मारली की येतंच. त्यामुळं इथं घाबरायचं कारण नाही. बूस्टर मात्र मी काकांच्या परवानगीनं कायमचाच काढला.

आता नीट ऐका, कारण युट्यूबवरचे बरेच व्हिडिओ इथं गंडवतात. 'सगळं बंद करा, रॉकेटसारखा पळेल' म्हणतात. काकांच्या यादीत अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस पण होती. बोटाचा ठसा घेऊन आधारशी पडताळणी करायची तर ती मागं चालू असावीच लागते. दिसत काही नाही, पण ती बंद केली की मशीनचा दिवा लागत नाही आणि आजीबाई अंगठा दाबून दाबून दमतात. डिजिटल सहीच्या सॉफ्टवेअरचं पण तसंच. अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल असं लांबलचक नाव दिसलं तर तो विंडोजचा स्वतःचा राखणदार आहे, व्हायरस नाही. आणि डिटेल्समध्ये सिस्टीम आयडल प्रोसेस पंच्याण्णव टक्के दिसलं म्हणून बोंब मारू नका, त्याचा अर्थ प्रोसेसर पंच्याण्णव टक्के रिकामा बसलाय.

म्हणून माझी पद्धत अशी, एका दिवशी दोनच गोष्टी डिसेबल करायच्या, वहीत नाव लिहायचं, आणि दिवसभर नेहमीची सगळी कामं करून बघायची. काही अडलं तर वही उघडून परत एनेबल. काकांच्या वहीत उधारीच्या पानामागं ही यादी आहे.

ब्राउझरकडं पण बघा. क्रोममध्ये प्रत्येक टॅब जवळजवळ वेगळा प्रोग्रॅम म्हणूनच चालतो. काकांचे एकोणीस टॅब उघडे होते. शिवाय सेटिंगमध्ये सिस्टीम या भागात, क्रोम बंद केल्यावरही मागं ॲप चालू ठेवायचं एक बटण असतं. ते बंद करा. आणि शटडाउन करून परत चालू करणं म्हणजे रिस्टार्ट नव्हे बरं का. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. ते चालू असेल तर शटडाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच उचलतं. रिस्टार्टला मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. अडखळायला लागला की रिस्टार्टच करा.

अपडेट बंद करू नका. पण ॲक्टिव्ह अवर्समध्ये केंद्राची वेळ टाका, म्हणजे भर गर्दीत मशीन स्वतःहून रिस्टार्ट होणार नाही.

एवढं केल्यावर काकांचं मशीन सात मिनिटांऐवजी तीन मिनिटांच्या आत कामाला लागलं. मोबाईलवर वेळ लावून मोजलंय. याच्या पुढं मात्र सेटिंग काही करू शकत नाही. फिरती डिस्क काढून एसएसडी टाकली, जमलं तर रॅम वाढवली, की खरा फरक पडतो, आणि तो खर्च नव्या कॉम्प्युटरपेक्षा खूप कमी आहे. काकांनी दिवाळीनंतर एसएसडी टाकली. अजून एक गोष्ट, वेग आणि सुरक्षा वेगवेगळी. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळं बरीच जुनी मशीन त्यात बसत नाहीत. लोकांचे आधार नंबर हाताळणाऱ्या मशीनवर हे पुढं ढकलून चालणार नाही, हे काकांना पण स्पष्ट सांगितलंय.

आता तुमच्यासाठी, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवणाऱ्यांसाठी. दिवसाचा दोन जीबी डेटा दुपारीच संपतो ना? लॅपटॉपला वाटतं हे घरचं वायफाय आहे, आणि मागं अपडेट, क्लाउड सगळं सुरू होतं. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्या हॉटस्पॉटला मीटर्ड कनेक्शन करा. बहुतेक मोठी अपडेट थांबतात.

आणि फोनवर दर पाच मिनिटांनी सगळी ॲप वर सरकवून फेकायची सवय सोडा. अँड्रॉइड मागची ॲप बहुतेक वेळा गोठवूनच ठेवतं, जागा लागली तर स्वतः काढतं. तुम्ही फेकलं की पुढच्या वेळी पहिल्यापासून उघडावं लागतं, त्यात बॅटरी जास्त जाते. एखादं ॲप खरंच बॅटरी खात असेल तर सेटिंगमध्ये बॅटरी वापर बघा आणि तेवढ्यालाच आवरा.

तुमच्या स्टार्टअपच्या यादीत कोण ओळखू येत नसेल तर फोटो काढून पाठवा. पुढच्या भागात त्यातलीच नावं घेऊन बसू.