फवारणीनंतरची भिंत



ब्राझीलमधल्या लासान्स गावाजवळ रेल्वेचे काम हिवतापाने अडले, म्हणून कार्लोस चागास या तरुण डॉक्टरला तिथे धाडले गेले. झोपड्यांतून रात्री रक्त पिणाऱ्या किड्यांच्या आतड्यात त्यांना एक नवा परजीवी दिसला. १९०९ मध्ये तोच परजीवी त्यांना एका आजारी मुलीच्या रक्तात सापडला. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा हा रोग आपल्याकडचा नव्हे. जगात मात्र साठ ते सत्तर लाख लोकांना त्याची लागण असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

हा रोग किड्याच्या दंशातून थेट होत नाही. रक्त पिता पिता किडा तिथेच विष्ठा टाकतो, झोपेतला माणूस खाजवतो आणि विष्ठेतला परजीवी जखमेतून किंवा डोळ्यातून आत शिरतो. नंतर वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. पण तीस टक्क्यांपर्यंत रुग्णांना पुढे हळूहळू हृदयविकार जडतो. प्रतिबंधक लस नाही. त्यामुळे किड्याला आवरणे हाच मुख्य उपाय उरतो.

दक्षिण अमेरिकेतल्या सहा देशांनी १९९१ मध्ये एकत्र येऊन घरोघरी फवारणीचा जोर वाढवला. उरुग्वे, चिली आणि २००६ मध्ये ब्राझील या देशांत तिथल्या मुख्य जातीच्या किड्यामार्फत होणारा प्रसार थांबला. ग्वाटेमालातही रोड्नियस प्रोलिक्सस या जातीबाबत २००८ मध्ये असेच यश आले. ही जात तिथे बाहेरून आलेली; तिचा सगळा संसार माणसाच्या घरात, विशेषतः शाकारलेल्या छपरात. घर फवारले की तिला पळायला जागाच नसे.

त्याच ग्वाटेमालात ट्रायटोमा डिमिडियाटा ही दुसरी जात आहे आणि ती तिथलीच. ती घरात राहते, गोठ्यात राहते, रानातही राहते. फवारणीने घरातले किडे मरतात, औषधाचा अंमल ओसरतो आणि बाहेरचे पुन्हा आत येतात. रान काही फवारता येत नाही.

इथे सान कार्लोस विद्यापीठातल्या कार्लोता मोनरॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नच बदलला. किडा मारायचा कसा, यापेक्षा तो या घरात टिकतो कशामुळे, हे त्यांनी हुतियापा भागातल्या खेड्यांत शोधले. कुडाच्या आणि कच्च्या विटांच्या भिंतींना भेगा होत्या, जमीन मातीची होती आणि कोंबड्या घरातच वावरत होत्या. कोंबडीला या परजीवीची लागण होत नाही, पण तिच्या रक्तावर किडे पोसले जातात. म्हणजे रोग न पसरवणारी कोंबडीही रोगाला हातभार लावते.

उपाय यातूनच निघाले. भेगा बुजवणारा गिलावा, घट्ट जमीन, कोंबड्यांसाठी घराबाहेर खुराडे. गिलाव्यासाठी बाहेरून सिमेंटची पोती आणली असती तर प्रयोग अनुदानाबरोबर संपला असता. म्हणून परिसरातच मिळणारी माती, वाळू, चुना यांची मिश्रणे गावकऱ्यांबरोबर करून पाहिली गेली. ज्या घरांच्या भिंतींचे काम पूर्ण झाले, त्या घरांत किडे कमी आढळले.

फवारणी चुकीची होती, असा याचा अर्थ नाही. सुरुवातीला ती लागतेच. पण फवारणी सरकारी पथक एका दिवसात उरकते. घरातल्या माणसांनी त्यात दार उघडून बाजूला व्हायचे एवढेच असते. गिलाव्याला त्यांचे हात, त्यांची सवड आणि दर काही वर्षांनी डागडुजी लागते. ज्याच्या घराला भेगा आहेत, त्याच्याकडेच या गोष्टी सर्वांत कमी असतात. त्याची गरिबी हा रोगाच्या कारणांचाच भाग आहे, हे संशोधन सांगते. मग खर्चही त्याच्या एकट्याच्या माथी मारून चालणार नाही. आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकात कीटकनाशकाच्या ओळीखाली गिलाव्याचीही ओळ असली पाहिजे.