ओंजळभर पाणी



पृथ्वीवर पाणी उदंड आहे, परंतु ते बहुतेक सारे खारे. सगळे पाणी शंभर घागरी धरले, तर गोडे पाणी जेमतेम अडीच घागरी भरेल. त्यातलाही दोनतृतीयांशाहून अधिक भाग बर्फात गोठलेला आणि उरलेला बहुतेक जमिनीच्या पोटात. नद्या आणि गोडे तलाव यांतले पाणी या हिशेबात ओंजळभरही होत नाही.

ही ओंजळ आपण कशी सांभाळतो? वाहती नदी आपोआप शुद्ध होते, अशी आपली जुनी समजूत. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. नदीच्या पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो. आपल्याकडच्या उष्ण हवेत एका लिटरात तो फार तर सातआठ मिलिग्रॅम मावतो. सांडपाण्यातली घाण खाणारे सूक्ष्म जंतू हाच प्राणवायू वापरतात. घाण थोडी आणि प्रवाह जोमदार असला, तर ही तूट हवेतून भरून निघते. पण वर धरणाने प्रवाह अडवला आणि खाली शहराने नाले सोडले, म्हणजे ती भरत नाही. आधी मासे गुदमरतात, मग पाण्याला कुजका वास सुटतो.

आपल्या पुण्याचेच घ्या. आपण खडकवासल्याचे पाणी पितो आणि वापरलेले पाणी मुळामुठेकडे लावून देतो. त्यातले सारेच शुद्ध होऊन जात नाही. मुळामुठा भीमेला मिळते, भीमा १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणात साठते. तेथले पाणी शुद्ध करून सोलापूरकर पितात. पंढरपुरी वारकरी स्नान करतो तेही भीमेतच. नदीत सोडले ते गेले, असे आपण समजतो. ते आपल्या दृष्टीआड झाले इतकेच. त्याचा भार खालच्या गावांवर पडला.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध कायदा केला १९६९ साली. केंद्राचा कायदा १९७४ साली आला. कायद्यात आपण पुढे होतो, आचरणात मागे राहिलो.

श्रोतेहो, नळाला पाणी किती वेळ येणार, हे आपण नगरसेवकाला हटकून विचारतो. मोरीतून गेलेले पाणी कोठे जाते, हेही विचारा. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार सोलापूरकराचा आहे, हे खरे. परंतु त्याचा आवाज येथवर पोचत नाही, म्हणून तो आपणच विचारला पाहिजे.