कृष्णाकाठचा मल्ल

आपलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. समर्थांनी मारुती स्थापन केले ते मात्र दूर कृष्णाकाठी. त्यांतले मसूर, उंब्रज, शहापूरचे मारुती कऱ्हाडच्या आसपास आहेत. त्याच मुलखात गोळेश्वर नावाचं गाव आहे. तिथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव जन्मले. वडीलही पैलवानच. मुलाला लाल मातीत त्यांनीच उतरवलं.

खाशाबांची चण लहान, पण चपळाई विलक्षण. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळायची आणि त्याला कळायच्या आत अंगावरून फेकायचं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च दिला. मातीवर वाढलेला हा गडी तिथे गादीवर लढला आणि सहावा आला.

१९५२ साली हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. कऱ्हाडच्या दुकानदारांनी, गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा गुरू! हे नाव पदकाइतकंच आदरानं घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीशी झालेली कुस्ती लांबली आणि थोडक्यात हातची गेली. सांगतात, की दम घ्यायलाही सवड न देता त्यांना लगेच सोव्हिएत मल्लापुढे उभं केलं. विश्रांतीच्या नियमावर बोट ठेवून भांडायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता. तरी कांस्यपदक आलंच. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत थांबावं लागलं.

कऱ्हाडला शेकडाभर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले आणि त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पद्म पुरस्कार अजूनही नाही, आणि ही खंत मी जाहीरपणे बोलून दाखवतो.

त्यांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन आहे. जांबच्या तरुणांनो, येत्या १५ जानेवारीला गावात एक फड भरवा. पहिली जोड लहान पोरांची लावा.