वसंतराव देशपांडे: अनेक घरांचा गवई

वसंतराव देशपांडे यांचा जन्म २ मे १९२० रोजी मूर्तिजापूर येथे झाला. मूर्तिजापूर हे अकोला जिल्ह्यातले, मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे गाव. ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, गझल, लावणी, भावगीत आणि चित्रपटगीत हे सारे एकाच गळ्यातून आणि सारख्याच अधिकाराने गाणारा असा दुसरा मराठी गवई विसाव्या शतकात सापडणे कठीण आहे. या अष्टपैलूपणाचे कौतुक आज सर्वत्र होते. मात्र वसंतरावांच्या हयातीत याच गुणामुळे त्यांची बरीच वर्षे उपेक्षा झाली.

आईने त्यांना नागपुरात एकटीने वाढवले. नागपुरात त्यांचे पहिले गुरू शंकरराव सप्रे. सप्रे गुरुजी हे विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य, म्हणजे ग्वाल्हेरच्या शिस्तीतले. स्वरस्थान पक्के, लय पक्की, बंदिशीचे शब्द स्वच्छ, हा त्या शिक्षणाचा पाया. मुलाचा गळा इतका तयार होता की भालजी पेंढारकरांनी त्याला चित्रपटात घेतले आणि १९३५ साली प्रदर्शित झालेल्या ‘कालिया मर्दन’मध्ये तो कृष्ण म्हणून पडद्यावर आला. अभिनय आणि गाणे ही दोन अंगे त्यांच्याकडे अशी लहानपणीच एकत्र आली. पुढे पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांना जे यश मिळाले, तेही या दोन्हींच्या जोडीवरच.

त्यानंतरचे त्यांचे शिक्षण कोणत्याही एका गुरूच्या नावाने सांगता येत नाही. लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे त्यांना मारवा रागाची तालीम मिळाली. किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने हे अब्दुल करीम खाँ यांचे पुत्र. त्यांच्याकडून स्वर लावण्याचा गोडवा आला. भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँ यांच्याकडून सरगमेची गुंफण आली. आणि या सगळ्यांच्या जोडीला दीनानाथ मंगेशकरांची रंगभूमीवरची गायकी होती. तिची तडफ, अनपेक्षित जागी झेप घेणारी तान आणि पंजाबी अंगाची हरकत वसंतरावांनी अशी आत्मसात केली की दीनानाथांची नाट्यपदे त्यांच्या तोंडून ऐकताना नक्कल ऐकल्यासारखे वाटत नाही. तीच वृत्ती दुसऱ्या देहात पुन्हा जागी झाली आहे, असे वाटते.

मारवा हा राग वसंतरावांच्या नावाशी कायमचा जोडला गेला आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर सांगणे योग्य. मारव्यात पंचम नाही. ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. बहुतेक राग षड्जावर येऊन विसावतात. मारव्यात गायक षड्ज चुकवत राहतो आणि कोमल ऋषभ व शुद्ध धैवत या दोन स्वरांभोवती सारे गाणे फिरते. त्यामुळे ऐकणाऱ्याला सतत हुरहूर लागते. सूर्य मावळतानाचा हा राग गायला अवघड, कारण टेकायला जागा नाही; जरा लक्ष ढळले तर पूरिया किंवा सोहनी या शेजारच्या रागांत पाय जातो. कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्याला गुरूने आधी हाच राग पक्का करायला लावला. ज्याला आधार नसलेल्या रागात तोल सांभाळता आला, त्याला पुढे कोणत्याही रागाचे भय राहत नाही. वसंतरावांच्या तानेत दिसणारी निर्भयता, सम गाठण्याआधी शेवटच्या क्षणापर्यंत दूर भटकण्याची त्यांची हिंमत, यांचे मूळ या तालमीत शोधावे लागते.

तरुणपणी वसंतराव पुण्यात आले आणि लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून झाले. घर चालवायचे होते आणि गाण्यावर घर चालेल अशी स्थिती नव्हती. ही नोकरी दोन दशकांहून अधिक काळ चालली. दिवसा खतावण्या आणि रात्री मैफल, असा हा क्रम होता. मधल्या काळात ईशान्य सीमेवर नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, त्यांची बदली झाली. तिथे मैफल नव्हती, साथीदार नव्हते आणि श्रोतेही नव्हते. कलावंताच्या चरित्रात अशी वर्षे दोन ओळींत उरकली जातात, पण ती जगताना एकेका दिवसाने जगावी लागतात. या काळात गाणे सुटले नाही, ही वसंतरावांच्या आयुष्यातली फार मोठी गोष्ट आहे आणि तिला कोणत्याही पुरस्काराइतकेच महत्त्व दिले पाहिजे. नोकरी सोडून पूर्णवेळ गावे असा आग्रह बेगम अख्तर यांनी त्यांना केला, असे सांगितले जाते. साठच्या दशकात त्यांनी नोकरी सोडली तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

पुण्याच्या काळात जुळलेली पु. ल. देशपांडे यांची मैत्री त्यांना आयुष्यभर पुरली. पु. ल. त्यांना ‘वसंतखाँ’ म्हणत. ब्राह्मण घरातला वऱ्हाडी माणूस, पण गाण्यात लाहोरच्या उस्तादाची ऐट, हे त्या एका नावात आले आहे. पुलंच्या पेटीच्या साथीने झालेल्या खासगी बैठकींच्या आठवणी पुण्या-मुंबईच्या रसिकांनी दीर्घकाळ जपल्या. वसंतराव तबलाही उत्तम वाजवत, आणि त्यांच्या गाण्यात लयीशी जो खेळ चालतो त्यामागे ताल हातात असलेल्या माणसाचा आत्मविश्वास आहे.

तरीही शास्त्रीय संगीताच्या मोठ्या व्यासपीठांवर त्यांना मान मिळायला उशीर झाला. त्या जगात गवयाची ओळख घराण्याने होत असे. घराणे म्हणजे एका गुरुपरंपरेने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली गाण्याची रीत. आवाज कसा लावायचा, राग कसा उलगडायचा, तान कशी घ्यायची, याचे ठरलेले वळण. किराण्याचा गवई किराण्याचेच गाणार, जयपूरचा जयपूरचेच, ही अपेक्षा. वसंतरावांच्या गाण्यात ग्वाल्हेर, किराणा, पतियाळा, भेंडीबाजार आणि दीनानाथांची रंगभूमी एकत्र नांदत होती. त्यांचे घराणे कोणते, असे विचारले गेले तेव्हा आपले घराणे आपल्यापासूनच सुरू होते, असे त्यांनी उत्तर दिल्याचे प्रसिद्ध आहे. त्या उत्तरात अहंकार शोधणारे होते. पण जो माणूस इतक्या दारी शिकला, त्याला कोणत्याही एका दाराची पाटी लावणे म्हणजे उरलेल्या गुरूंचे ऋण नाकारण्यासारखे झाले असते. म्हणून ते उत्तर प्रामाणिक होते.

हा प्रश्न फक्त भारतीय संगीतातला नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय समाजाच्या चर्चमधील भक्तिगीतांतून ‘सोल’ नावाचे संगीत विसाव्या शतकाच्या मध्यात उभे राहिले. वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास दृष्टी गमावलेल्या रे चार्ल्स यांनी भक्तिगीताचा ढंग प्रेमगीतांत आणला, तेव्हा अनेक धार्मिक माणसांना तो विटाळ वाटला. १९६२ साली त्यांनी गोऱ्या शेतकऱ्यांचे मानले जाणारे ‘कंट्री’ संगीत आपल्या पद्धतीने गाऊन एक संपूर्ण अल्बम काढला. डेट्रॉइटमधील धर्मोपदेशकाची मुलगी अरिथा फ्रँकलिन वडिलांच्या चर्चमध्ये गात मोठी झाली, सोल संगीताची सम्राज्ञी ठरली, आणि १९९८ च्या ग्रॅमी समारंभात आजारी पावारॉत्तींच्या जागी ऐन वेळी उभी राहून तिने पुचिनीच्या ऑपेरातील गीत गायले. देश, भाषा, संगीत सारे वेगळे. पण अनेक रीतींचे गाणे एका गळ्यात मुरले की भिंती राखणाऱ्यांना ते खुपते, हा अनुभव तिथेही तोच.

वसंतरावांना त्यांच्या सर्व अंगांना एकत्र मागणारी भूमिका १९६७ साली मिळाली. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी लिहिलेले ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेने रंगभूमीवर आणले. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे. वसंतराव खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले झाले. विश्रामपूर संस्थानात पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब यांच्यातली गाण्याची स्पर्धा, राजगायकाला मिळणारी कट्यार, त्या कट्यारीने केलेला एक खून माफ असण्याची मुभा, आणि पंडितजींचा शिष्य सदाशिव शत्रूच्याच घरी विद्या मिळवायला येतो हा पेच, अशी त्याची कथा. खाँसाहेब दुष्ट नाही. वर्षानुवर्षे हरल्याने त्याचा मत्सर कडवट झाला आहे, पण खरे गाणे कानी पडले की त्याच्यातला कलावंत त्याच्यातल्या शत्रूवर मात करतो.

ही भूमिका करायला नट पुरेसा नव्हता आणि नुसता गवईही पुरेसा नव्हता. रंगमंचावर उभा राहून अस्सल उस्तादासारखे गाणे, उर्दू वळणाची भाषा सहज बोलणे, मराठी नाट्यपदाचा बाज सांभाळणे आणि मत्सरापासून शरणागतीपर्यंतचा प्रवास चेहऱ्यावर दाखवणे, हे सारे एकाच माणसाकडून हवे होते. लाहोरची तालीम, दीनानाथांचा वारसा, लहानपणी केलेली कृष्णाची भूमिका, आणि योग्यता असून बाजूला ठेवले गेल्याचा इतक्या वर्षांचा अनुभव, यांपैकी एकही गोष्ट वाया गेली नाही. ‘घेई छंद’ हे पद या नाटकात दोन चालींत आहे. एक चाल संथ आणि डौलदार, दुसरी चपळ आणि तानांनी भरलेली. शब्द तेच, पण घराणे बदलले की गाण्याचा स्वभाव कसा बदलतो, हे रागशास्त्राचा गंध नसलेल्या प्रेक्षकालाही त्यातून कळते. अभिषेकींची ही रचना म्हणजे घराण्यांविषयीचा एक संपूर्ण पाठ आहे. संगीत नाटकाचा काळ संपला असे म्हटले जात असताना या नाटकाने नवा श्रोता थिएटरात आणला. वसंतराव तेव्हा ४७ वर्षांचे होते.

यानंतर त्यांचे नाव घरोघरी पोचले. नाट्यसंगीत कसे घडत गेले हे स्वतः गाऊन उलगडणारे त्यांचे कार्यक्रम लोकप्रिय झाले. जुन्या नटांच्या गायकीतले फरक ते एकापाठोपाठ गाऊन दाखवत. भावगीतात त्यांनी थोडे गायले, पण जे गायले ते टिकले. ‘बगळ्यांची माळ फुले’ हे त्यांचे सर्वांत आवडते झालेले भावगीत. त्याचे कवी वा. रा. कांत नांदेडचे, म्हणजे मराठवाड्याचे, आणि संगीतकार श्रीनिवास खळे. तानेचा एवढा धनी असलेला गवई या गीतात तान जवळजवळ बाजूला ठेवतो आणि शब्दाच्या हळवेपणाला जेवढे हवे तेवढेच गातो. जे येते ते सगळे एकाच वेळी दाखवण्याचा मोह आवरणे ही फार वरची विद्या आहे. १९७९ च्या ‘अष्टविनायक’ चित्रपटात त्यांनी अभिनय केला आणि गाणीही गायली. लेकीची पाठवणी करणाऱ्या बापाचे ‘दाटून कंठ येतो’ हे शांता शेळके यांचे गीत आजही लग्नघरात ऐकू येते. अनुराधा पौडवाल यांच्यासह गायलेले ‘प्रथम तुला वंदितो’ तर गावोगावच्या शाळांच्या संमेलनांत गणेशवंदना म्हणून रूढ झाले आहे. मारव्याचा तो उस्ताद आणि या वंदनेचा गायक एकच, हे ती वंदना म्हणणाऱ्या अनेक मुलांना माहीत नसते.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९८२ साली मिळाला. पुढच्याच वर्षी, ३० जुलै १९८३ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. वय ६३. पूर्णवेळ गवई म्हणून त्यांना जेमतेम दोन दशके मिळाली.

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील मोठ्या सभागृहाला त्यांचे नाव आहे. चंद्रकांत लिमये यांनी त्यांची गायकी शिष्य म्हणून पुढे नेली. नातू राहुल देशपांडे यांनी ‘कट्यार’ पुन्हा रंगभूमीवर आणले आणि आजोबांची खाँसाहेबांची भूमिका स्वतः केली. २०१५ साली सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली या नाटकावर चित्रपट निघाला. त्यात पंडितजी झाले शंकर महादेवन आणि खाँसाहेब झाले सचिन पिळगावकर, ज्यांच्यासाठी राहुल यांनी आवाज दिला. निपुण धर्माधिकारी यांचा ‘मी वसंतराव’ हा चरित्रपट २०२२ साली प्रदर्शित झाला. त्यात वसंतरावांची भूमिका राहुल यांनीच केली, आणि त्याच चित्रपटातील गायनासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.